उन्हातला जामानिमा

मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी दोनच्या सुमारास नांदेडच्या वजिराबादेत, किंवा जिथे सोळा रस्ते एकत्र येऊन मिळतात त्या लातूरच्या गंजगोलाईच्या कडेला, घटकाभर सावली धरून उभे राहिले, तर दुचाकीवरून जाणाऱ्या मंडळींच्या वेषभूषेत एक मोठी मौजेची विसंगती नजरेस पडते. स्कूटीवरून जाणारी महाविद्यालयीन मुलगी अथवा शिक्षिका नखशिखान्त झाकलेली असते. अंगात पांढरा सनकोट, हातात कोपरापर्यंत पोहोचणारे मोजे आणि तोंडाभोवती असा काही घट्ट बांधलेला स्कार्फ, की डोळ्यांखेरीज तिच्या ओळखीचे दुसरे चिन्ह शिल्लक राहू नये. तिच्या शेजारून जाणाऱ्या गृहस्थाने मात्र सदऱ्याची वरची दोन बटने सोडलेली, बाह्या दुमडलेल्या, पायात चप्पल आणि हेल्मेट आरशाला अडकवलेले असते. दोघांना कारण विचारले, तर उत्तर एकच येते : ऊन फार आहे! आणि अशा गर्दीत एखादा तरुण जाड जॅकेट, हातमोजे, बूट असा सगळा जामानिमा करून सिग्नलपाशी येऊन थांबलाच, तर शेजारचा अनोळखी माणूससुद्धा मोठ्या आस्थेने त्याला विचारतो, ‘उकडत नाही का हो?’

प्रश्न साधा आहे, पण त्याचे उत्तर साधे नाही. दुचाकीस्वाराच्या संरक्षक पोशाखाविरुद्ध मराठवाड्यात जी फिर्याद नेहमी ऐकू येते ती किमतीची नसते, सवयीचीही नसते. ती उकाड्याची असते. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ अंशांच्या आसपास रेंगाळतो अशा मुलखात अंगावर आणखी एक आवरण चढवा असे सांगणाऱ्याला लोक वेड्यात काढणार, हे ओघानेच आले. तथापि ही फिर्याद दाखल करून घेण्यापूर्वी दोन्ही बाजूंचे पुरावे तपासणे न्यायाचे ठरेल.

पहिला पुरावा अपघातांचा. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी सुमारे ४४ टक्के दुचाकीवर होती, आणि ज्यांच्या डोक्यावर हेल्मेट नव्हते अशा मृतांची संख्या ५० हजारांच्या वर गेली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ ने दुचाकीवर बसणाऱ्या चार वर्षांवरील प्रत्येकास शिरस्त्राण सक्तीचे केले आहे आणि पगडी बांधणाऱ्या शिखांना त्यातून मुभा दिली आहे. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या नांदेडला या तरतुदीचा अर्थ निराळा समजावून सांगावा लागत नाही. जून २०२१ पासून भारतीय मानक ब्यूरोचा शिक्का नसलेले हेल्मेट बनवणे आणि विकणे यांवरही बंदी आहे. परंतु कायद्याची हद्द मस्तकापाशी संपते. खांदा, कोपर, गुडघा, तळहात आणि पाठ यांचा बंदोबस्त ज्याचा त्याने करायचा आहे. आणि डांबरी सडकेवरून चाळीसच्या वेगाने घसरत जाणाऱ्या माणसाच्या अंगावरचा सुती सदरा त्याच्या कातडीला किती क्षण वाचवतो, हे ज्याने एकदा पाहिले त्याला पुन्हा सांगावे लागत नाही.

दुसरा पुरावा पोशाखाच्या कुळकथेचा. फटफटीवर बसण्याचा हा जामानिमा मूळचा थंड देशांतला आहे. ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ या नावाने प्रसिद्ध असलेला टी. ई. लॉरेन्स १९३५ च्या मे महिन्यात आपल्या मोटारसायकलवरून पडून डोक्याला झालेल्या जखमेने मरण पावला. त्याच्यावर उपचार करणाऱ्यांपैकी ह्यू केर्न्स या शल्यविशारदाने पुढे अशा मृत्यूंचा अभ्यास केला, १९४१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले आणि ब्रिटिश सैन्यातल्या निरोप्या स्वारांना शिरस्त्राण सक्तीचे झाले. त्या देशातल्या स्वाराचे शत्रू दोन : धडक आणि गारठा. सबब त्याच्या चामडी कोटाने दोन्हींचा परामर्श एकदमच घेतला. आपल्याकडे तो कोट आला तेव्हा संरक्षणाबरोबर ऊबही बिनबोभाट आली, आणि या दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या करता येतात हे आपल्या ध्यानात यायला फार काळ जावा लागला. वस्तुतः त्या वेगळ्या करण्याची विद्या आपल्या घराच्या ओसरीवर, तिवईवर ठेवलेल्या माठात, पिढ्यान्‌पिढ्या पाझरत होती.

माठाचे पाणी गार का होते, हे शाळेत आपण सर्वच शिकलो आहोत : मातीच्या सूक्ष्म छिद्रांतून पाणी बाहेर येते, हवेत मिसळताना उष्णता लागते, आणि ती उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेते. मनुष्याचे शरीर हाही असाच एक माठ आहे. शांत बसलेल्या प्रौढ माणसाचे शरीर तासाला सुमारे ७० ते ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. ती बाहेर टाकण्याचे मार्ग चार. थंड वस्तूला स्पर्श करून, वाहत्या हवेला देऊन, भोवतालच्या वस्तूंकडे प्रारणाने पाठवून, आणि घाम वाळवून. कातडीचे तापमान सुमारे ३५ अंश धरले, तर हवा २५ अंशांची असते तोवर हे चारही मार्ग खुले असतात. परंतु हवा ४२ अंशांवर गेली की पहिले तीन मार्ग नुसते बंद होत नाहीत, ते उलटे वाहू लागतात. तापलेली सडक अंगाकडे उष्णता फेकते, वारा उष्णता आणून देतो, दोन्ही मांड्यांमधले इंजिन आपला निराळा वाटा उचलते, आणि माध्यान्हीचा सूर्य प्रत्येक चौरस मीटरवर एका विजेच्या इस्त्रीइतकी, म्हणजे किलोवॅटच्या घरातली ऊर्जा ओतत असतो. अशा वेळी उरतो तो एकच मार्ग, घामाचा. एक लिटर घाम कातडीवर पूर्णपणे वाळला, तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. शरीराची सारी तजवीज या एका आकड्यावर उभी आहे.

येथेच मराठवाड्याच्या हवेचा एक गुण आपल्या मदतीला येतो, तो म्हणजे तिचा कोरडेपणा. मुंबईत पारा ३४ अंशांवर आणि आर्द्रता ६५ टक्के असली, तर ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक २८ अंशांच्या खाली जायला तयार नसतो. याउलट नांदेडला ४२ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असताना तोच ओला तापमापक २२ अंशांपर्यंत उतरतो. अंकांचा हा फरक म्हणजेच लातूरच्या प्रत्येक खिडकीत बसवलेल्या कूलरच्या यशाचे, आणि तोच कूलर मुंबईत निरुपयोगी का ठरतो याचे, रहस्य होय. वाळ्याच्या ताटीवर पाणी सोडून खोली गार करणाऱ्या लोकांना ओल्या कापडाचे सामर्थ्य नव्याने शिकवावे लागू नये. परंतु घरातून बाहेर पडून गाडीला किल्ली लावताच आपण ते विसरतो, हीच खरी अडचण आहे.

आता सदऱ्याची बटने सोडणाऱ्या त्या गृहस्थाकडे पाहू. ‘वारा लागला की बरे वाटते’ हा त्याचा अनुभव ३० अंशांत सोळा आणे खरा आहे. ४२ अंशांत मात्र वाऱ्याचे काम दुहेरी असते : तो घाम वाळवतो आणि त्याच वेळी उष्णताही आणतो. घाम किती वेगाने वाळेल याला मर्यादा आहे, कारण शरीर तासाला घाम किती तयार करू शकते याला मर्यादा आहे. सगळा घाम वाळून गेल्यावर जो जादा वारा उघड्या छातीवर आदळतो, तो निव्वळ झळ असतो. भट्टीच्या तोंडाशी पंखा लावून बसावे तशातली ती गत. शिवाय घाम निथळण्याआधीच वाळत असल्यामुळे आपल्याला घाम येतच नाही असा स्वाराचा समज होतो, आणि अंगातले पाणी किती गेले याचा त्याला पत्ता लागत नाही. सनकोट घातलेली मुलगी कातडी काळवंडू नये म्हणून जे करते, ते पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनेही अधिक शहाणपणाचे आहे : तिने सूर्याला कातडीपासून दूर, कापडावरच अडवले आहे.

झाकलेले अंग उघड्या अंगापेक्षा उन्हात कमी तापते, ही गोष्ट उष्ण मुलखातल्या लोकांना फार पूर्वीपासून अवगत आहे. भर वैशाखात नांगरटीला उभा असलेला आपला शेतकरी डोक्यावरचे मुंडासे उतरवून ठेवत नाही, आणि मेंढरांमागे हिंडणारा धनगर खांद्यावरची घोंगडी घरी विसरत नाही. सिनाईच्या वाळवंटातले बेदुइन लोक तर काळे आणि पायघोळ झगे घालतात. त्याचे कोडे सोडवण्यासाठी काही संशोधकांनी केलेले प्रयोग १९८० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. काळ्या झग्याने पांढऱ्यापेक्षा अधिक उष्णता शोषली हे खरे, परंतु ती जादा उष्णता कातडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच बाहेरच्या हवेत निघून गेली आणि दोन्ही झग्यांतल्या माणसांच्या अंगाला लागलेली उष्णता सारखीच भरली. यातून घेण्यासारखा बोध असा, की रंगाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, महत्त्व कापड आणि कातडी यांच्यामधल्या खेळत्या हवेला आहे. अंगाला चिकटलेला पोशाख तापतो. अंगापासून सुटा राहिलेला पोशाख सावली बनतो.

या कसोट्या हाती घेतल्या म्हणजे दुकानात टांगलेल्या जॅकेटांपैकी कोणते निवडावे, याचा निवाडा अवघड राहत नाही. थंड प्रदेशासाठी केलेले चामड्याचे अथवा आतून पावसाळी अस्तर शिवलेले जॅकेट नांदेडच्या उन्हाळ्यात नाहक शिक्षा आहे. ज्याचा छातीचा, पाठीचा आणि बाह्यांचा भाग जाळीचा आहे, पण खांदे, कोपरे अशा घसटीच्या जागी जाड, घट्ट विणीचे कापड आहे, ज्याचे पावसाळी अस्तर काढून ठेवता येते आणि ज्याचा रंग फिकट, राखाडी आहे, असे जॅकेट पाहावे. आतले पॅड छिद्रांचे असावेत आणि त्यांवर ‘ईएन १६२१’ हे युरोपीय मानकाचे चिन्ह असावे. नुसत्या स्पंजाच्या वड्या दिखाऊ असतात. त्याच युरोपात ‘ईएन १७०९२’ या मानकाने पोशाखांच्या प्रती ठरवल्या आहेत : ‘एएए’ ही सर्वांत भक्कम आणि अर्थातच सर्वांत उबदार, ‘एए’ मधली, आणि ‘ए’ ही हलकी, शहरातल्या कमी वेगाच्या आणि उष्ण हवेतल्या प्रवासाला साजेशी. कचेरीला जाणाऱ्या माणसाने ‘ए’ प्रतीचे जॅकेट रोज घालणे, हे ‘एएए’ प्रतीचे जॅकेट रोज खुंटीला टांगून ठेवण्यापेक्षा शतपटीने हितकर आहे. ज्याला जॅकेट परवडत नाही त्याने निदान जाड कापडाची पूर्ण बाह्यांची पैरण, हातमोजे, गुडघ्यांचे पॅड आणि घोटा झाकणारे बूट इतके तरी करावे. कारण पडताना माणूस प्रथम हात टेकतो, आणि सर्वांत आधी सोलवटतो तो तळहात.

जॅकेटच्या आत काय घालावे, याविषयी मात्र विलायती सल्ला तसाच्या तसा स्वीकारणे इष्ट नव्हे. तिकडे घाम झटपट वाळवणारी कृत्रिम धाग्याची बंडी सांगतात, आणि दमट हवेत ती योग्यही आहे. आपल्या कोरड्या उन्हात मात्र पाणी धरून ठेवणारे आणि सावकाश सोडणारे सुती कापड अधिक उपयोगी पडते. ज्या भूमीत राष्ट्रध्वजाची खादी लातूर जिल्ह्यातल्या उदगीरला विणली जाते आणि त्या ध्वजाची घडण नांदेडच्या मराठवाडा खादी ग्रामोद्योग समितीत होते, त्या भूमीतल्या माणसाला खादीचे गुण सांगणे धार्ष्ट्याचे ठरेल. तरीही हातसुताच्या विणीतली ती सूक्ष्म, असमान पोकळी पाणी आणि हवा या दोहोंना वाट देते, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. निघण्यापूर्वी बंडी पाण्यात बुडवून, पिळून, ओलीच अंगात घालावी आणि वर जाळीचे जॅकेट चढवावे. पारा ३५ अंशांच्या खाली असेल तर जॅकेटची सारी तोंडे उघडी ठेवावीत. तो चाळिशीच्या पलीकडे गेला असेल तर समोरची चेन अर्ध्याहून वर लावून थोडाच वारा आत येऊ द्यावा, म्हणजे पाणी भर्रकन उडून न जाता पुरवून पुरवून वापरले जाते. गळ्याभोवती ओला पंचा अथवा दस्ती, आणि हेल्मेटच्या आत ओली, पातळ सुती टोपी असली म्हणजे माठ पुरता झाला. हेल्मेटची वरची छिद्रे मात्र उघडी हवीत. त्यांत धूळ साचून ती बुजलेली असतात, हे अनेकांना ठाऊकही नसते.

दोन इशारे याच ठिकाणी देणे प्राप्त आहे. सनकोट आणि स्कार्फ उन्हाला अडवतात, सडकेला नाही; तेव्हा त्यांना जॅकेटची जागा देऊ नये. स्कार्फवर हेल्मेट बसत नाही ही सबबही लंगडी आहे. जाड गाठीऐवजी पातळ टोपडे घातले तर ते नीट बसते. दुसरा इशारा अधिक गंभीर : ओढणीचे, स्कार्फचे किंवा पंचाचे मोकळे टोक चाकात अथवा साखळीत जाऊन गळ्याला फास बसण्याचे अपघात होतात. ओले कापड गळ्याभोवती असावे, पण त्याची दोन्ही टोके जॅकेटच्या आत खोचलेली असावीत.

पोशाखाचा विचार पाण्याशिवाय पुरा होत नाही, आणि पाण्याचा विषय निघाला की लातूरचे नाव निघाल्यावाचून राहत नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून निघालेली पहिली पाण्याची रेल्वेगाडी दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर पाणी घेऊन ज्या शहरात आली, त्या शहरातल्या माणसाला ‘बंडी भिजवा’ असे सांगताना लेखणी क्षणभर अडखळते. परंतु हिशेब मांडला तर खर्च फार नाही : पिळलेल्या बंडीत आणि पंचात अर्धा लिटरभर पाणी राहते. त्यातले काही बाहेरच्या वाऱ्यावर उधळले जाते हे मान्य केले, तरी उरलेले पाणी शरीराचा तितकाच घाम वाचवते. आणि शरीराच्या पाण्याची भरपाई करण्यासाठी पिण्याचे पाणी लागते, बंडीला मात्र वापराचे पाणीही चालते.

नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर अशा मार्गाने लातूर गाठणाऱ्या स्वाराला हे सर्व एका प्रवासात पडताळून पाहता येईल. गोदाकाठ सोडून बालाघाटच्या पठारावर चढताना रस्त्यावर सावली तुरळक, आणि राष्ट्रीय महामार्ग ३६१ च्या रुंदीकरणानंतर वेगाचा मोह अधिक. तापलेल्या वाऱ्यात भिजलेली बंडी अर्ध्या-पाऊण तासात कोरडी होते, म्हणून तितक्याच अंतराने एखाद्या पाणपोईपाशी वा पेट्रोल पंपावर थांबून ती पुन्हा भिजवावी आणि तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. घामाबरोबर मीठही जाते. तेव्हा मीठ घातलेले ताक, पन्हे, किंवा लिटरभर स्वच्छ पाण्यात सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून केलेले जलसंजीवनीचे पाणी जवळ ठेवावे. वाटेवरच्या रसवंतीच्या घुंगरांचा आवाज कोणाला नकोसा वाटेल? पण उसाच्या रसाने तहानेचे समाधान झाले तरी पाण्याची गरज उरतेच. खिशात कांदा ठेवला की ऊन बाधत नाही, या श्रद्धेला हरकत घेण्याचे कारण नाही; मात्र तो कांदा कोशिंबिरीत घालून ताकाबरोबर खाल्ला, तर त्याचे पुण्य अधिक पदरात पडेल. उन्हाळ्यात सकाळची शाळा भरवण्याची आपल्याकडची वहिवाट या सगळ्या उपायांची आजी आहे : शक्य तो प्रवास अकराच्या आत किंवा पाचच्या नंतर उरकावा.

शहरातल्या प्रवासाची तऱ्हा थोडी निराळी. तरोड्याहून विष्णुपुरीच्या विद्यापीठाकडे जाणारा विद्यार्थी जितका वेळ चालतो तितकाच वेळ सिग्नलांवर थांबतो, आणि थांबलेल्या गाडीवर वारा नसतो. अशा वेळी जॅकेटची चेन खाली ओढावी, हेल्मेटची काच वर करावी, जमेल तर झाडाच्या सावलीत थांबावे, आणि हिरवा दिवा लागण्यापूर्वी सर्व पूर्ववत करावे. मृग जवळ येऊन हवा दमट झाली, की माठातले पाणीसुद्धा पूर्वीसारखे गार लागत नाही. त्या दिवसांत ओल्या बंडीचा उपयोग घटतो, आणि जाळी पूर्ण उघडी ठेवून वारा घेणे हाच उपाय उरतो. उन्हाळ्याच्या आरंभी शरीराला उष्म्याची सवय होण्यास आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणून मार्चच्या अखेरीपासूनच जॅकेट रोज घालू लागावे. एकदम मेमध्ये ते अंगात चढवणाऱ्याला ते वैऱ्यासारखे वाटणारच.

इतके करूनही डोके दुखू लागले, मळमळले, पायांत गोळे आले किंवा गाडी हाकताना लक्ष विचलित होऊ लागले, तर गाडी बाजूला घेऊन सावलीत जावे, जॅकेट उतरवावे, अंग भिजवावे, पाणी प्यावे. बोलणे असंबद्ध झाले, शुद्ध हरपू लागली, अंग चटका बसावा इतके तापले, तर तो उष्माघात असू शकतो. शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर गेलेल्या अशा माणसाला बळेच पाणी पाजू नये. अंगावर पाणी ओतावे, वारा घालावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. पाणी येथेही तेच काम करते, जे माठावर करते.

अखेरचा शब्द पोशाख घालणाऱ्यांसाठी नसून, त्यांना घरोघर पाठवणाऱ्यांसाठी आहे. भर दुपारी जेवणाचे डबे आणि पार्सले पोहोचवणारे तरुण, गावोगाव फिरणारे वसुली कारकून आणि औषधविक्रेते यांना वेळापत्रक स्वतः ठरवण्याची मुभा नसते. गणवेश म्हणून त्यांच्या अंगात काळा, अंगाला चिकटणारा, कृत्रिम धाग्याचा टी-शर्ट घालणाऱ्या मालकांनी त्याऐवजी फिकट रंगाचे जाळीचे जॅकेट द्यावे, आणि दुकानाच्या दारात एक माठ भरून ठेवावा. पिण्यासाठी तर तो हवाच. पण गळ्यातला पंचा बुडवून घेण्यासाठीही हवा.